काउंट, कमजोरी आणि मधला घोळ

मागच्या महिन्यात सेलूकडच्या एका वाचनालयातून फोन आला. ग्रंथपाल म्हणाले, "डॉक्टर साहेब, तुमच्या पुरुषांच्या तक्रारींवरच्या सदराचं पानच कोणीतरी अंकातून फाडून नेतंय. हा सलग तिसरा अंक." त्यांचा सूर तक्रारीचा होता. मला मात्र बरं वाटलं. फाडून नेणारा घरी जाऊन दार लावून ते वाचत असणार, आणि तोच माझा खरा वाचक. तरी त्याला विनंती, की झेरॉक्स काढून पान परत ठेवावं. मागच्याला पण पाहिजे असतं.

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांना रिपोर्टची झेरॉक्स जोडलेली आहे आणि एखाद्या शब्दाभोवती लाल पेनानं गोल काढलेला आहे. परभणीत तेहतीस वर्षं दवाखाना चालवतोय, शब्दांची गंमत रोज पाहतो. पेशंट येतो, पाठदुखीचं सांगतो, गोळ्या घेतो, आणि निघताना दाराच्या कडीला हात लावून म्हणतो, "साहेब, थोडी कमजोरी पण हाय." पुन्हा बसवून विचारलं की एकाची कमजोरी म्हणजे ताठरता येत नाही, दुसऱ्याची म्हणजे लवकर होतं, तिसऱ्याला मूल नाही, चौथ्याला रात्री झोपेत होतं, पाचव्याला नुसती लघवीला जळजळ. पाच वेगळ्या गोष्टी, शब्द एकच. रिपोर्टात नेमकं उलटं, एवढ्याशा गोष्टीला वीस अक्षरांचं नाव. या दोन्हींच्या मधे माणूस सापडतो. निजामाचं राज्य १९४८ ला गेलं, पण कमजोरी आणि नामर्दी हे फारसी पाहुणे आमच्या ओसरीवरून काही उठले नाहीत.

प्रश्न : माझं वय २९. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. बायकोच्या सगळ्या तपासण्या झाल्या, पिशवी दोनदा साफ केली. यंदा पहिल्यांदा माझी तपासणी केली. रिपोर्टवर 'ऑलिगोअस्थेनोटेराटोझूस्पर्मिया' लिहून आलंय. लॅबवाला म्हणाला, तिन्ही दोष आहेत. मला दुसरा काही त्रास नव्हता, पण त्या दिवसापासून बायकोजवळ जाऊ वाटंना. मी नामर्द आहे का? – एक वाचक, ता. मानवत

नाही. हे आधी, बाकीचं नंतर.

हा शब्द पाठ करताना आम्हीही अडखळायचो. अंबाजोगाईच्या होस्टेलवर त्याला 'मालगाडी' म्हणायचे. गावात रेल्वे नव्हती, खरी मालगाडी बघायला परळीला जावं लागे, म्हणून ही आमची घरची. डबे सोडवले की शब्द साधा आहे. ऑलिगो म्हणजे थोडे. अस्थेनो म्हणजे अशक्त, इथं चाल मंद. टेराटो म्हणजे वेगळ्या घडणीचे. मुळात या ग्रीक शब्दाचा अर्थ अक्राळविक्राळ प्राणी असा आहे, तो मात्र मनावर घेऊ नका. आणि झू म्हणजे प्राणी. १६७७ साली हॉलंडमधल्या लेव्हेनहुकनं आपल्या भिंगाखाली वीर्य पाहिलं, तेव्हा त्याला ते वळवळणारे चिमुकले प्राणीच वाटले. ती समजूत कधीच गेली, शब्द राहिला. सगळी मालगाडी मिळून एवढंच सांगते : शुक्राणू थोडे कमी, थोडे सुस्त, आणि नेहमीच्या घडणीचे कमी. हे त्या दिवशीच्या नमुन्याचं वर्णन आहे. आजाराचं नाव तुमच्या रिपोर्टवर कुठंच नाही.

आता आकडे. तुमचा काउंट (शुक्राणूंची संख्या) दर मिलीला ११ मिलियन, म्हणजे एक कोटी दहा लाख. हलणारे ३५ टक्के, नीट घडणीचे २ टक्के. तुमच्या लॅबनं शेजारी '६० ते १२०' अशी जुनी हद्द छापली आहे, ती पाहून कोणीही घाबरेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची रेघ दर मिलीला १६ मिलियन आहे, हलणारे ४२ टक्के, नीट घडणीचे ४ टक्के. आणि ही रेघ कशी काढली तेही ऐका. ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस गेले, अशा पुरुषांचे नमुने तपासले आणि त्यातल्या सर्वांत खालच्या पाच टक्क्यांवर रेघ ओढली. म्हणजे बाप झालेल्यांमध्येही शंभरातले पाच या रेघेच्या खाली होतेच. तुम्ही रेघेच्या खाली आहात, पण फार लांब नाही.

चार टक्के हा आकडा आपल्याकडच्या शेतकऱ्याला पटत नाही. पेरणीआधी तुम्ही सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवता, सत्तर उगवले तर बियाणं चांगलं, चाळीस उगवले तर दुकानदाराशी भांडण. तेच गणित डोक्यात ठेवून माणूस रिपोर्ट वाचतो आणि म्हणतो, शंभरातले अठ्ठ्याण्णव खराब? माणसाचं बियाणं तसं मोजत नाहीत. निसर्ग इथं कोट्यवधी पाठवतो, लागतो एक. शंभरातले चार सरळ निघाले तरी पास म्हणणारी ही परीक्षा आहे.

पुढचा मुद्दा नमुन्याचा. झेरॉक्सवर 'किती दिवस संबंध नाही' हा रकाना कोरा आहे. दोन ते सात दिवसांचं अंतर पाहिजे. आदल्या रात्री संबंध आला असेल तर काउंट कमी दिसणार, वीस दिवसांचा खंड असेल तर चाल मंद दिसणार. शिवाय नमुना तासाभराच्या आत, जमलं तर अर्ध्या तासात, भिंगाखाली गेला पाहिजे. काही वर्षांपूर्वी गंगाखेडहून एक जण एसटीनं आला. ऐन मे महिना. डबी थर्मासात, थर्मासात बर्फ. "खराब होऊ नये म्हणून, साहेब." दूध असतं तर टिकलं असतं. सगळे शुक्राणू गारठून निपचित, रिपोर्ट आला 'हालचाल शून्य', आणि पठ्ठ्या आठ दिवस जेवला नाही. लॅबमध्येच नमुना दिल्यावर निम्म्याहून जास्त हलत होते. लांबून आणायचाच असेल तर डबी शर्टाच्या आत अंगाला लावून आणा.

एका रिपोर्टवर निर्णय करायचा नाही. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, वर नळीतून बाहेर यायला काही दिवस. म्हणजे आजचा नमुना तीन महिन्यांपूर्वीची हकिगत सांगतो. तेव्हा डेंगी, टायफॉइड असा जोराचा ताप आला होता का, आठवा. तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा करा. तोवर तंबाखू सोडा. आणि डॉक्टरांना तुम्हाला उभं करून तपासायला सांगा, झोपवून नाही. वृषण, म्हणजे आपली गोळी, शरीरापेक्षा दोन ते चार अंश थंड राहावी म्हणून बाहेर लटकवलेली असते, उन्हाळ्यात माठ ओसरीत ठेवतो तशी. डाव्या गोळीची रक्तवाहिनी वर जाऊन किडनीच्या वाहिनीला काटकोनात मिळते, तिथं रक्त तुंबलं की खाली शिरा फुगतात आणि माठ तापतो. याला व्हेरिकोसील म्हणतात. शंभरात पंधरा पुरुषांना ते असतं आणि बहुतेकांचं काही बिघडत नाही. पण रिपोर्ट कमी आणि फुगीर शिरा हाताला लागतात असं दोन्ही असेल, तर ऑपरेशनचा विचार करता येतो.

राहिलं नामर्दीचं. गोळीत दोन वेगळी खाती आहेत. एक खातं शुक्राणू बनवतं, दुसरं टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन. पहिल्याचा माल कमी झाला म्हणून दुसरं बंद पडत नाही. ज्यांच्या रिपोर्टवर 'अझूस्पर्मिया', म्हणजे शून्य शुक्राणू, लिहून येतं असे कितीतरी जण संबंधाच्या बाबतीत अगदी ठणठणीत असतात. तुम्हालाही त्रास नव्हता, तो लॅबच्या पायरीवर सुरू झाला. कागदानं दिलेला आहे.

एक बोलल्याशिवाय राहवत नाही. मूल होत नसेल तर जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीला असतं. डबीतल्या तपासणीला टाका लागत नाही, भूल लागत नाही. तरी बायकोची पिशवी दोनदा साफ होते आणि नवऱ्याची डबी चौथ्या वर्षी निघते. हे तुम्हाला एकट्याला बोलत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मीही सासू-सुनेला आत घेऊन नवऱ्याला बाहेर बाकड्यावर बसवलेलं आहे.

प्रश्न : साहेब मी २१ वर्षाचा हाय. पोलीस भरतीची तयारी करायलो. सहा महिने झाले लघवीवाटे धात जायली, लघवी पांढरी होती. रात्री झोपेत पण होतं. सोळाशे मीटर पळताना पाय गळून जायलेत. एक थेंब धात म्हणजे चाळीस थेंब रक्त म्हणतात. स्टँडजवळून तीन हजाराचं पाकीट आणलं, फरक नाही. लघवीच्या रिपोर्टमध्ये 'अमॉर्फस फॉस्फेट' आलंय. हेच धात का? – हिंगोली जिल्हा

तू माझ्या लेकराच्या वयाचा, अरे-तुरे करतो.

फॉस्फेट म्हणजे धात (वीर्य) नव्हे. जेवणातले क्षार आहेत ते. पोटभर जेवलं, दूध प्यालं की लघवीचा आम्लपणा कमी होतो आणि हे क्षार चुन्याच्या निवळीसारखे पांढरे दिसतात. लॅबमध्ये त्यात पातळ ॲसिटिक ॲसिडचे दोन थेंब टाकले की नळी तुझ्या डोळ्यांदेखत नितळ होते. माझ्याकडे आलेल्या पोरांना मी हे करून दाखवायचो. औषधापेक्षा त्याचाच गुण जास्त यायचा. शौचाला जोर केल्यावर चिकट थेंब आला तर तो बहुतेक वेळा प्रोस्टेट ग्रंथीचा पाझर असतो. तोही नेहमीचाच.

आता चाळीस थेंबांचा हिशोब करू, तू भरतीला गणित सोडवतोच आहेस. एका वेळी साधारण तीन मिली वीर्य जातं. गुणिले चाळीस, म्हणजे १२० मिली रक्त. आठवड्यातून दोनदा धरलं तर महिन्याला ९६० मिली. शरीरात सगळं मिळून रक्त पाच लिटरच्या आसपास, आणि रक्तदानात एका वेळी घेतात ३५० मिली. सहा महिन्यांत तू पळायचं सोड, उठून बसलाही नसतास. वीर्याचा मोठा हिस्सा शुक्राशयाचा द्रव असतो, पाव भाग किंवा थोडा जास्त प्रोस्टेटचा, आणि शुक्राणू अगदी थोडे. हे सगळं रोज तयार होतं. टाकी भरली की सांडते, त्याला कोणीतरी 'स्वप्नदोष' नाव दिलं आणि त्या नावातल्या 'दोष'नं पिढ्यान्‌पिढ्या पोरांची झोप उडवली.

आयुर्वेदात रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र असे सात धातू सांगितले आहेत, त्यातला शेवटचा घेऊन लोकांनी चाळीस थेंबांचं गणित रचलं. तुझ्यासारखी तक्रार घेऊन येणारी पोरं आपल्या देशात एवढी, की १९६० मध्ये डॉ. नरेंद्र विग या मानसोपचारतज्ज्ञांनी तिला 'धात सिंड्रोम' असं नावच दिलं. थकवा खरा, पाय गळणं खरं, काळजी खरी, फक्त कारण चुकीच्या ठिकाणी शोधलेलं. या नावाचा अर्थ तू वेडा आहेस असा घेऊ नकोस.

तुझे पाय का गळतात ते मी इथून कसं सांगू? पण हिमोग्लोबिन तपास. पहाटे उपाशीपोटी पळतोस का, अभ्यासिकेत रात्री किती वाजेपर्यंत बसतोस, बेसनाच्या पिठल्यावर किती दिवस काढलेस, हे एखाद्या डॉक्टरसमोर बसून सांग. आणि ते पाकीट बंद कर. पुडीवर आत काय आहे ते छापलेलं नसेल तर ती पोटात घालायची नाही. तेवढ्या तीन हजारात शेंगदाणे, अंडी आणि चांगले बूट आले असते.

प्रश्न : मी सेवानिवृत्त शिक्षक, वय ६४. ताप येऊन लघवीला जळजळ झाली म्हणून दाखवले असता सोनोग्राफीत 'प्रोस्टेटोमेगाली, ४२ ग्रॅम, पीव्हीआर ८५ सीसी' व रक्तात 'पीएसए ५.८' असे निष्पन्न झाले. नेटवर वाचल्यापासून कर्करोगाच्या भीतीने झोप नाही. टॅमसुलोसिन ही गोळी चालू आहे. दुसरे, सांगण्यास संकोच वाटतो, गोळी सुरू झाल्यापासून वीर्य बाहेरच येत नाही. पुरुषत्व संपले काय? – उदगीर

सर, 'मेगाली' म्हणजे फक्त मोठी. प्रोस्टेट, आपल्या पुस्तकातली पुरस्थ ग्रंथी, तरुणपणी वीस ग्रॅमच्या आसपास असते आणि पन्नाशीनंतर केस पांढरे व्हावेत तशी वाढत जाते. मूत्रमार्ग तिच्या पोटातून जातो, म्हणून धार बारीक होते. ही साधी वाढ कर्करोगात बदलत नाही. दोन्ही एकाच ग्रंथीत वेगवेगळे होऊ शकतात, म्हणून तपासतात. पीव्हीआर म्हणजे लघवी करून आल्यावर पिशवीत उरलेली लघवी. ८५ थोडी जास्त आहे, लक्ष ठेवण्याएवढी.

पीएसए हे प्रोस्टेटनं बनवलेलं एक प्रथिन. ४ ही सरसकट वापरली जाणारी हद्द, तीही वयानुसार सैल होते. ते कर्करोगात वाढतं, साध्या वाढीत वाढतं, आणि जंतुसंसर्गात तर फारच वाढतं. तुमचं रक्त कधी घेतलं? ताप आणि जळजळ चालू असताना. पोळ्याच्या गर्दीत शाळेचा पट मोजावा, तसं झालं. लघवी पूर्ण साफ झाल्यावर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा करा, आधीचे दोन दिवस संबंध टाळा, कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, नुकताच काढलेला नको. पुन्हा चारच्या वर आला, तरी चार ते दहाच्या पट्ट्यात साधारण चारातल्या तिघांना कर्करोग निघत नाही. चौथ्यासाठी मात्र युरॉलॉजिस्टना, म्हणजे मूत्रविकारतज्ज्ञांना, दाखवायचं, शौचाच्या जागेतून बोटानं तपासणी करून घ्यायची आणि त्याची लाज धरायची नाही. पुढं कधी प्रोस्टेट लहान करणारं फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सुरू झालं, तर ते पीएसएचा आकडा जवळजवळ निम्मा करतं. रिपोर्ट वाचणाऱ्याला तेव्हा हे आठवणीनं सांगा.

वीर्याचं कारण तुमच्या औषधाच्या गोळीतच आहे. टॅमसुलोसिन मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करतं, म्हणून धार सुटते. त्याच सैलपणामुळं वीर्य कमी येतं, किंवा पुढं येण्याऐवजी मागं पिशवीत जाऊन नंतर लघवीतून निघून जातं. अपाय नाही, गोळी थांबली की पूर्ववत. तुम्हाला फार खटकत असेल तर डॉक्टरांशी बोलून गोळी बदलता येते, स्वतःहून बंद करू नका. आणि मोतीबिंदूच्या शिबिरात नाव घातलं असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना आधीच सांगा, "मी टॅमसुलोसिन घेतो." या गोळीनं बुबुळ सैल पडतं आणि ऑपरेशनमध्ये त्रास देतं. प्रोस्टेटचा डॉक्टर डोळ्याचं विचारत नाही, डोळ्याचा प्रोस्टेटचं विचारत नाही, मधे तुम्हीच.

प्रश्न : दोन्ही लेकरं सिझरनं झाली. डॉक्टर म्हणतात बायकोपेक्षा माझी नसबंदी सोपी. आई म्हणते, माझ्या पोराचा बैल करू नका. – जिंतूर

आईला गोठ्यात घेऊन जा. गोऱ्ह्याला खच्ची करताना चिमट्यानं गोळीकडं जाणारी अख्खी दोरी चेचतात. रक्तपुरवठा तुटतो, गोळी सुकते, हार्मोन जातं, म्हणून तो बैल होतो, थंड होतो. नसबंदीत त्याच दोरीतली शुक्राणू वाहणारी एक बारीक नळी तेवढी कापून बांधतात. रक्त चालू, हार्मोन चालू, दाढी-मिशी, ताकद, इच्छा सगळं जागच्या जागी. वीर्यही तेवढंच दिसतं, कारण त्यात शुक्राणूंचा वाटा मुळातच थोडा. तुमच्या चिठ्ठीवरचं 'एनएसव्ही' म्हणजे बिनटाक्याची पद्धत, चीनमधल्या डॉ. ली शुनचियांग यांनी १९७४ मध्ये काढलेली. एक बारीक छिद्र, दहा-पंधरा मिनिटं, त्याच दिवशी घरी. फक्त नळीत आधीचा माल शिल्लक असतो, म्हणून तीन महिने दुसरं साधन वापरा आणि वीर्य तपासून शून्य आल्यावरच मोकळे व्हा. आईची भीती मला कळते. आणीबाणीत नसबंदीसाठी गाड्या भरून माणसं नेलेली तिच्या पिढीनं ऐकली-पाहिली आहेत. तिच्याशी वाद घालू नका.

प्रश्न : डॉक्टर साहेब, हे ५१ वर्षांचे आहेत, नऊ वर्षांपासून शुगर, तीन महिन्यांचा आकडा ९.६. वर्षभरापासून आमच्यात काही नाही. हे चिडचिड करतात, मला वाटलं बाहेर काही आहे. परवा यांचा केसपेपर पाहिला तर त्यावर 'ईडी' लिहिलेलं. मी घाबरले, आमच्याकडं कशाची चौकशी? यांच्या खिशात मित्रानं दिलेली निळी गोळी पण सापडली. यांना छातीत दुखतं म्हणून जिभेखाली ठेवायची गोळी असते. – एक भगिनी, लातूर

ताई, ती पेपरातली ईडी तुमच्या दारात यायची नाही. ही 'इरेक्टाइल डिसफंक्शन', म्हणजे संबंधापुरती ताठरता न येणं किंवा न टिकणं. संशय मनातून काढा. नऊ वर्षांच्या मधुमेहात हे फार वेळा दिसतं.

पण तुमच्या पत्रातली शेवटची ओळ वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. जिभेखालची गोळी म्हणजे सॉर्बिट्रेट, नायट्रेट जातीची. निळी गोळी म्हणजे सिल्डेनाफिल. दोन्ही रक्तवाहिन्या सैल करतात. दोन्ही मिळाल्या की रक्तदाब एकदम खाली कोसळतो आणि माणूस जाऊही शकतो. सिल्डेनाफिल घेतल्यावर निदान २४ तास आणि त्याच जातीचं टॅडालाफिल घेतल्यावर ४८ तास नायट्रेट चालत नाही. यांना अधूनमधून छातीत दुखतं, म्हणजे नायट्रेट केव्हा लागेल ते सांगता येत नाही. म्हणून यांच्यासाठी निळी गोळी नाहीच. ती आजच फेकून द्या. आणि चुकून घेतली असेल व छातीत दुखलं, तर दवाखान्यात पाऊल टाकताच पहिलं वाक्य तेच सांगायचं, लाजायचं नाही. गंमत बघा, ही गोळी मुळात छातीच्या दुखण्यासाठीच तपासत होते. तिथं जमली नाही, भलतीकडंच गुण दिसला, आणि १९९८ मध्ये अमेरिकेत या कामासाठी मंजूर झाली.

यांचं दुखणं आणि ईडी हे एकच प्रकरण असण्याचा दाट संभव आहे. लिंगाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चारच्या. गाळ साचायला लागला की आधी बारीक पाट बंद पडतो, मोठा कालवा नंतर. म्हणून पुष्कळदा ताठरतेची तक्रार छातीच्या दुखण्याच्या दोन-तीन वर्षं आधी येते. यांना आधी हृदयाच्या डॉक्टरांकडं न्या. शुगरचा तीन महिन्यांचा आकडा, एचबीएवनसी, तुम्ही ९.६ लिहिला आहे, तो खाली आला पाहिजे. रक्तदाबाची गोळी कोणती ते पाहा, काही गोळ्यांनीही हा त्रास वाढतो. सकाळी दहाच्या आत टेस्टोस्टेरॉन तपासा, दुपारी तो आकडा खालावतो. निळी गोळी सोडून इतर उपाय आहेत, हृदय तपासल्यावर युरॉलॉजिस्ट ते सांगतील.

आणि केसपेपर पाहिल्याचं यांना सांगून टाका. एवढे दिवस हे एकट्यानं वाहत होते.

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा. रात्री एकदम पोटात आणि खाली दुखायला लागलं, उलटी झाली. सकाळपर्यंत थांबलो. दवाखान्यात 'टॉर्शन' म्हणून ऑपरेशन केलं आणि एक गोळी काढावी लागली. दुसरी टाक्यानं पक्की केली म्हणाले. टॉर्शन म्हणजे काय? पुढं लग्नाला अडचण येईल का? – पाथरी

टॉर्शन म्हणजे पीळ. काही मुलांची गोळी आत नीट बांधलेली नसते, घंटेच्या लोलकासारखी सुटी लटकते. ती झोपेतही फिरते, दोरीला पीळ बसतो आणि रक्त थांबतं. सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर गोळी बहुधा वाचते, चोवीस तासांनंतर क्वचितच. तोच सैलपणा दुसऱ्या बाजूला असू शकतो म्हणून तीही टाक्यानं पक्की करतात. तुमच्या डॉक्टरांनी योग्य केलं. एका चांगल्या गोळीवर हार्मोनही पुरतं आणि मूलही होतं. लग्नाला अडचण नाही, फक्त खेळताना त्या जागेला मार लागू देऊ नका.

रात्रभर थांबलात म्हणून स्वतःला दोष देत असाल. माझं ऐका. दवाखाना टाकल्यावर दुसऱ्याच वर्षी असाच एक मुलगा संध्याकाळी आला. पोट दुखतंय म्हणाला, बापासमोर लाजून खालचं बोलला नाही. मी चड्डी काढून पाहिलं नाही. पोटदुखीच्या गोळ्या देऊन घरी पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला तेव्हा गोळी काळी पडली होती. त्या मुलाला आता दोन लेकरं आहेत, बाजारात भेटला की नमस्कार करतो. मी मात्र तेव्हापासून पोटदुखीच्या प्रत्येक पोराला पडद्याआड नेऊन खाली तपासतो. पोरं तोंड वाकडं करतात, आया बाहेरून विचारतात, "सायेब, पोट दुखतंय त्याचं, तिकडं कामून बघायलात?"